क्षयाची वर्दी

गावात पटकी किंवा देवी उद्भवली की पाटलाने विनाविलंब तालुक्याच्या कचेरीस वर्दी द्यावी, असा शिरस्ता इंग्रजी अमदानीत आपल्याकडे होता. कोतवाल चिठ्ठी घेऊन निघे, मामलेदार ती वर रवाना करी, आणि मग केव्हातरी देवी काढणारा किंवा विहिरीत परमँगनेट टाकणारा इसम गावाच्या वेशीत दिसे. वर्दी पुष्कळदा उशिरा पोहोचे, मदत त्याहूनही उशिरा, आणि मधल्या काळात स्मशानाची वाट वाहती राही, हे सर्व खरे. तथापि त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला विचार अचूक होता. रोगी ज्याच्या दृष्टीस प्रथम पडला त्याने तो सरकारास कळवावा, आणि सरकारास जे ठाऊक असेल, मग ती लस असो, औषध असो वा एखादा नवा उपाय असो, ते त्याच वाटेने रोग्याच्या दारापर्यंत परत जावे, अशी ती दुहेरी वाट होती. आजच्या काळात ही वाट कोठे तुटते आणि जोडली गेली तर काय साधते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने क्षयरोगाकडे पाहावे.

पटकी आणि देवी हे गाजावाजा करीत येणारे रोग होते. क्षय तसा येत नाही. तो खोकल्याच्या, संध्याकाळच्या बारीक तापाच्या, अंगावर सैल होत चाललेल्या कपड्यांच्या रूपाने येतो, आणि घरातील माणसांच्या तो ध्यानात येईपर्यंत त्यांना त्याची सवय होऊन गेलेली असते. सत्तावीस दक्षकन्यांपैकी एकट्या रोहिणीवर आसक्त झालेल्या चंद्राला दक्षाने शाप दिला आणि तो कलेकलेने झिजू लागला, ही कथा ज्या कोणी प्रथम सांगितली त्याने राजयक्ष्म्याचा रोगी फार जवळून पाहिलेला असला पाहिजे. २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे २८ लाख माणसांना हा रोग नव्याने जडला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे जगातील दर चार नव्या क्षयरुग्णांत एकाहून थोडा अधिक आपला. शासनाच्या ‘निक्षय’ नावाच्या संगणकीय नोंदवहीत त्याच वर्षी सुमारे साडेपंचवीस लाख रुग्णांची नावे चढली. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर उरते ते केवळ हिशेबातील अंतर नसून ती जिवंत, खोकणारी माणसे आहेत. त्यांतली काही कोणाच्याच दृष्टीस पडलेली नाहीत. काही मात्र एखाद्या डॉक्टरच्या टेबलापुढे बसून, औषधाची चिठ्ठी घेऊन, पैसे मोजून बाहेर पडलेली आहेत, आणि तरीही कोणत्याही दप्तरात त्यांचा उल्लेख नाही.

असे का होते, हे कळण्यासाठी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक संध्याकाळ बसून पाहावे. सरकारी दवाखाना सकाळी चालतो, आणि ज्याची रोजी दिवसाच्या मजुरीवर आहे त्याला सकाळ मोकळी नसते. कोपऱ्यावरचा डॉक्टर रात्री नऊ वाजताही भेटतो, उधारी ठेवतो, घरातल्या सर्वांना नावाने ओळखतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दाराशी उभे राहिलेले कोणी पाहिले तरी ‘टीबीच्या दवाखान्यात’ पाहिले असे होत नाही. म्हणून खोकला घेऊन माणूस प्रथम तेथे जातो. तेथे त्याला खोकल्याचे औषध मिळते, मग एखादे प्रतिजैविक, मग दुसरे; आठ दिवस बरे वाटते, पुन्हा खोकला येतो, तो डॉक्टर बदलतो. दुसरा छातीचा फोटो काढावयास सांगतो, तिसरा रक्ताच्या तपासण्या लिहून देतो, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात असे हेलपाटे घालण्यात महिना दोन महिने सहज निघून जातात. थुंकीत जंतू असलेला, औषध न घेणारा एक रुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे या विषयाचे जाणते सांगत आले आहेत. तेव्हा या हेलपाट्यांचा जमाखर्च एकट्या रुग्णाच्या खात्यावर मांडून भागत नाही.

ही गोष्ट आज कळली असेही नाही. बंगलोरला १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या काळातच डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एक पाहणी केली. क्षयाचे रुग्ण अडाणी असतात, त्यांना आपल्या रोगाची जाणीव नसते, त्यांना घराबाहेर काढावे लागते, अशी समजूत त्यावेळी शहाण्यासुरत्या लोकांतही रूढ होती. या दोघांना आढळले ते नेमके उलट. बहुतेक सर्व रुग्णांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती, आणि त्यांतले निम्मे तर आपण होऊन कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या मिश्रणाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. मात्रांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली ती बाटली ज्यांनी आपल्या बालपणी पाहिली असेल त्यांना ती अजून आठवत असेल. ही पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली, त्याला आता साठ वर्षे उलटली. रोगी वैद्यापर्यंत पोहोचतो, वैद्याकडून मात्र पुढे काही पोहोचत नाही, हा तिचा इत्यर्थ आजही जुना झालेला नाही, याचे मला फार दुःख वाटते.

वस्तुतः औषधाच्या बाबतीत आपण दैवाने फार उजवे ठरलो. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेल्या त्या विदुषीचे वय पुरते बावीसही नव्हते, आणि कारण ठाऊक असूनही त्या कारणावर चालवावयास वैद्यकशास्त्राच्या हाती त्यावेळी काहीच नव्हते. पुढची साठ वर्षे मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती हाच उपचार राहिला, आणि तोही ज्यांना सॅनिटोरियम परवडे त्यांनाच. स्ट्रेप्टोमायसिन आले, त्यामागून आयसोनायझिड आले, आणि मग १९५६ साली मद्रासमध्ये वॅलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट करून, एकाला सॅनिटोरियममध्ये आणि दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरी, तीच औषधे वर्षभर दिली. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती नव्हती, तरीही दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक प्रमाणात रोग जडला असेही दिसले नाही. १९५९ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या सॅनिटोरियमांना हळूहळू कुलपे लागली. क्षयाचा उपचार खाटेवरून घरात आला, म्हणजेच तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या आवाक्यात आला. आणि नेमक्या त्या डॉक्टरला आपल्या कार्यक्रमात कोठे बसवावे याचा विचार मात्र १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाल्यानंतरही पुष्कळ वर्षे कोणी मनावर घेतला नाही.

परिणाम काय झाला, त्याची दोन प्रमाणे मुंबईतच मिळतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाजगी व्यवसाय करणाऱ्या सुमारे शंभर डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी निरनिराळ्या प्रकारचे औषधोपचार लिहून दिल्याचे आढळले. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा १०६ डॉक्टरांकडून त्रेसष्ट प्रकारच्या चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या निर्दोष अशा अवघ्या सहा होत्या. हे वाचून डॉक्टरांवर संतापणे सोपे आहे, आणि संताप अगदीच अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या माणसाने दहा-वीस वर्षांपूर्वी परीक्षा दिली, ज्याच्या दारी कोणी सरकारी अधिकारी कधी फिरकला नाही, आणि ज्याला नवी माहिती प्रामुख्याने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून मिळते, त्याने योग्य मात्रा कोठून शिकावी, हाही प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे. कंपनीचा प्रतिनिधी पंधरा दिवसांनी न चुकता येतो. शासनाचे परिपत्रक त्या नेमाने येत असते तर आजचे चित्र वेगळे असते. कमी मात्रा, अर्धवट मुदत, मध्येच बदललेले औषध, यांतून जंतू औषधाला दाद देईनासा होतो. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून उदवाडिया यांनीच असे काही रुग्ण जगापुढे आणले, की ज्यांच्यावर तपासून पाहिलेल्या औषधांपैकी एकही चालेना. त्यांच्यासाठी वापरलेल्या नावावरून पुढे बराच वाद झाला. रुग्णांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरून मात्र वाद घालण्याजोगे काही नव्हते.

या पार्श्वभूमीवर ७ मे २०१२ रोजी केंद्र शासनाने हुकूम काढला, की क्षयाचे निदान किंवा उपचार करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णाची माहिती स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यास कळवली पाहिजे. म्हणजे पाटलाची वर्दी पुन्हा आली. या खेपेस ती देण्याचे काम डॉक्टरकडे आले. पुढल्याच महिन्यात क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्यांवर बंदी घालण्यात आली; त्या महाग होत्या, देशभर चालत होत्या, आणि त्यांच्या निष्कर्षावर विश्वास ठेवणे धोक्याचे होते. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे एच-१ परिशिष्टात गेली, त्यामुळे औषधविक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. हुकूम निघाले, पण हुकमाने वर्दी येत नसते. २०१३ साली साऱ्या देशातील खाजगी क्षेत्राकडून नोंदले गेलेले रुग्ण चाळीस हजारांच्याही आत होते.

डॉक्टर नोंद का करीत नव्हते, याची कारणे त्यांच्याशी बोलल्यास सहज कळतात आणि ती सर्वच काही स्वार्थाची नाहीत. रुग्ण आपल्या हातून जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती रुग्णाची होती. घरात लग्नाची मुलगी असते, शेजार जवळ असतो, आणि सरकारी कर्मचारी चौकशी करीत दारात आला तर संध्याकाळपर्यंत चाळीत सर्वांना कळते. ज्या घरात क्षयाच्या सुनेचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे ठेवतात (वास्तविक हा रोग भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो), त्या घराला वर्दी म्हणजे बेअब्रू वाटणार, हे उघड आहे. डॉक्टर त्या कुटुंबाचा विश्वासू असतो, आणि तो विश्वास मोडावयाचा नाही म्हणून तो गप्प राहतो. या मौनात माणुसकी आहे. पण त्याच घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला त्या मौनाची किंमत मोजावी लागते.

कारण नोंद झाल्यानंतर काय होते, ते पाहा. रुग्णाच्या बेडक्याचा नमुना जनुकीय यंत्रावर विनामूल्य तपासला जातो आणि काही तासांतच जंतू आहे की नाही, आणि असल्यास तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे कळते. पूर्वी याच उत्तरासाठी प्रयोगशाळेत जंतू वाढण्याची अनेक आठवडे वाट पाहावी लागे. याच जातीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यातील वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे आहे, ते बॅटरीवर चालते, त्यामुळे ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसा चार तास वीज नसते तेथेही ते बसवता येते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. हे यंत्र आपल्या शेजारच्या मातीत घडले याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रुग्णाची मधुमेहासाठी व एचआयव्हीसाठी तपासणी होते. औषधे विनामूल्य मिळतात, पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन, वजनाच्या गटानुसार. आणि ती रुग्णाने आपल्याच डॉक्टरकडे राहून घेतली तरी मिळतात. घरातील इतरांची छाती व वजन पाहिले जाते, आणि ज्यांना रोग नाही परंतु संसर्गाचा धोका आहे त्यांना प्रतिबंधक औषध दिले जाते. पूर्वी हे मुख्यत्वे पाच वर्षांखालील मुलांपुरते होते. २०२१ पासून घरातील सर्वांचा विचार होऊ लागला, आणि आता त्याची एक पद्धत आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे औषध घेण्याइतकी सुटसुटीत झाली आहे. गप्प राहणाऱ्या डॉक्टरने आपल्या रुग्णाला कदाचित बरे केले असेल. परंतु त्या तीन वर्षांच्या मुलाकडे कोण पाहणार होते? एकट्या डॉक्टरच्या हाती क्षयरोग कार्यालयाचा पर्यवेक्षक नाही, आशा कार्यकर्ती नाही, घरोघर जाणारा कोणी नाही. हे सर्व ज्यांच्याकडे आहे त्यांना तो रुग्ण ठाऊक नाही. वर्दीने या दोघांची गाठ पडते.

२०१४ साली मुंबईत महापालिकेने पाथ या संस्थेच्या साहाय्याने एक प्रयोग हाती घेतला; पाटणा आणि गुजरातमधील मेहसाणा येथेही तो त्याच सुमारास झाला. त्यातील कल्पना साधी होती आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. डॉक्टरकडून रुग्ण काढून घेऊन त्याला सरकारी केंद्राच्या रांगेत उभे करावयाचे नाही. उलट त्याच डॉक्टरच्या हाती असे व्हाउचर द्यावयाचे, की ज्यावर रुग्णाला जवळच्या औषधाच्या दुकानात औषध आणि ठरलेल्या प्रयोगशाळेत तपासणी फुकट मिळेल, आणि दुकानदाराचे पैसे कार्यक्रम चुकते करील. रुग्णाचा खर्च वाचला, डॉक्टरचा रुग्ण टिकला, आणि नोंद या व्यवहारातूनच आपोआप झाली. त्यानंतर डॉक्टरांना नोंदीबद्दल ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचे कळवल्याबद्दल आणखी ५०० रुपये असे मानधन ठरले. १६ मार्च २०१८ च्या राजपत्राने दुसरी बाजूही मांडली: नोंद न करणाऱ्यावर तत्कालीन दंडविधानाच्या २६९ व २७० या कलमांखाली कारवाई होऊ शकेल. शिक्षेच्या धाकाने वर्दी मिळते, परंतु ती नावापुरती मिळते, पत्ता चुकीचा आणि मोबाइल क्रमांक बंद, असा माझा तर्क आहे; तुरुंगाचे भय घातलेला डॉक्टर संशयित रुग्णाचे निदान लिहिण्याऐवजी त्याला दुसरीकडे पाठवून मोकळा होईल, ही शक्यताही दृष्टिआड करता येत नाही. काही का असेना, २०२३ साली खाजगी क्षेत्राकडून आलेल्या नोंदी आठ लाखांवर गेल्या, म्हणजे देशातील दर तीन नोंदींतील एक. दहा वर्षांत चाळीस हजारांच्या आतून आठ लाखांपर्यंतचा हा प्रवास, त्यात सहभागी झालेल्या हजारो अनाम डॉक्टरांच्या आणि पर्यवेक्षकांच्या पायपिटीचा आहे, आणि त्याचे कौतुक व्हावे तितके झाले नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर सर्व दोष खाजगी डॉक्टरांच्याच पदरात पडतो. सरकारी कार्यक्रमात १९९७ पासून पुढे पुष्कळ वर्षे औषधे एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनदा दिली जात होती. खाजगी डॉक्टर मात्र ती रोज देत. कार्यक्रमाचे लोक त्यांना नियम न पाळणारे म्हणत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दैनंदिन औषधांच्या बाजूने कौल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने शासनाला नऊ महिन्यांची मुदत दिली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस देशभर दैनंदिन औषधे सुरू झाली. या एका मुद्द्यावर गल्लीतला डॉक्टर दप्तराच्या पुढे होता. म्हणून परिपत्रक केवळ वरून खाली येऊन भागत नाही. ज्याला रोज पन्नास रुग्ण दिसतात त्याच्या टेबलावरून काही वरही गेले पाहिजे, आणि ते वाचणारा कोणी तरी तेथे असला पाहिजे.

परिपत्रके मात्र आता पूर्वीपेक्षा वेगाने बदलतात, आणि ती वेळेवर पोहोचणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत, त्यांत महिनोन्महिने टोचावयाची सुई असे, तिने पुष्कळांच्या कानांचे वाटोळे झाले, आणि कित्येकांनी ती मध्येच सोडली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या, केवळ गोळ्यांच्या, सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. सोलापूर किंवा नांदेडच्या एखाद्या डॉक्टरला हे वर्षभर कळलेच नाही, तर त्याच्या रुग्णाचे ते वर्ष जुन्या औषधांत जाईल. शहरात वैद्यक संघटनेच्या सभा होतात, व्याख्याने होतात. तालुक्याच्या गावी मात्र जिल्हा क्षयरोग कार्यालयाचा पर्यवेक्षक मोटारसायकलवर डॉक्टरकडे जाऊन पंधरा मिनिटे बसला, चार रुग्णांची चौकशी केली आणि नवीन काय आले ते सांगून गेला, तर तेच सर्वांत खात्रीचे परिपत्रक होय. तो ज्या भागात नेमाने जातो तेथील नोंदी वाढतात. आणि त्याची जागा रिकामी राहिली की त्या आपोआप रोडावतात.

नोंदीची आणखी एक फलश्रुती आहे, आणि तिच्याकडे आपल्या समाजाने फार लक्ष द्यावे असे मला वाटते. क्षय उपाशी शरीराला अधिक धरतो आणि धरलेल्या शरीराला अधिक उपाशी करतो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना व त्यांच्या कुटुंबांना दरमहा धान्य, डाळ इत्यादी पुरवून जो अभ्यास केला तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांतील सर्वांना असे अन्न मिळाले, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी घटले. आणि रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी जरी वाढले तरी त्याच्या मृत्यूची शक्यता निम्म्याहून अधिक कमी झाली. पन्नास किलोच्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे अडीच किलो. ‘निक्षय पोषण’ योजनेत एप्रिल २०१८ पासून प्रत्येक नोंदलेल्या रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. डाळीचा आणि तेलाचा आजचा भाव पाहता ही रक्कम फार नाही. पण ज्या बाईची धुणीभांड्याची कामे खोकल्यामुळे सुटली आहेत तिच्या घरी ती महिन्याच्या डाळीतेलाची सोय आहे. हे पैसे बँकेच्या खात्यात येतात, आणि खाते नोंदीशी जोडलेले असते. ज्या रुग्णाची नोंद डॉक्टरने केली नाही त्याच्यापर्यंत तो हजार रुपयांचा हक्कही पोहोचत नाही. हाच हिशेब मी प्रत्येक संकोची डॉक्टरपुढे आणि प्रत्येक भयभीत कुटुंबापुढे मांडीन. निरनिराळ्या आरोग्यविमा योजनांचा भर रुग्णालयातील खाटेवर असतो. मद्रासच्या त्या प्रयोगापासून क्षयाचा रुग्ण तर बहुधा घरीच असतो, आणि घरी असलेल्या रुग्णापर्यंत जाणारी वाट या नोंदीचीच आहे.

२०१५ ते २०२३ या काळात भारतातील क्षयाचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे २३७ वरून १९५ वर आले, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. उतार खरा आहे, आणि तो संथ आहे. २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याचा संकल्प २०१८ साली दिल्लीत जाहीर झाला होता. तो जेथे अडला ती जागा, माझ्या मते, कोणत्याही मंत्रालयात नसून उपचाराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याच्या मधोमध आहे. पहिल्या दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, खोकला थांबतो, आणि माणसाला आपण बरे झालो असे मनापासून वाटू लागते. हातातले काम पुन्हा मिळालेले असते, गोळ्यांनी मळमळते, आणि दवाखान्यात जाण्याचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. याच सुमारास तो यावयाचा थांबतो. ज्या दवाखान्यात रुग्णाचे नाव केवळ त्या दिवसाच्या कागदावर लिहिलेले असते, तेथे तो आला नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याची नोंद आहे त्याच्या नावापुढे मात्र औषधाची तारीख चुकल्याचे दिसते. कोणी फोन करते, फोन न लागल्यास आशा जाऊन दार वाजवते, आणि पुष्कळदा असे होते की रुग्ण थोडासा ओशाळून, कामाची सबब सांगून, पुन्हा औषध सुरू करतो.

सहावा महिना संपला की डॉक्टरने शेवटची वर्दी द्यावयाची असते: उपचार पूर्ण, बेडका स्वच्छ, वजन अमुक. नोंद तेथेही मिटत नाही. सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी त्या माणसाला पुन्हा विचारावे असा कार्यक्रमाचा दंडक आहे, आणि तोपर्यंत पर्यवेक्षकाच्या वहीत त्याच्या नावापुढची ती चार घरे रिकामी, वाट पाहत असतात.